पेरसाळ : तण आणि खत यांचा जुना वाद

भाताची शेती म्हटली कीं आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा कोंकणच उभें राहतें. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलीं घेऊन ओळीनें वांकलेल्या बायका, आणि खाचरांतून खाचरांत उतरणारें पाणी, हें चित्र शाळेच्या पुस्तकांनीं आमच्या मनावर इतकें ठसविलें आहे कीं भात लावावयाचें असतें, पेरावयाचें नसतें, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. परंतु महाराष्ट्रांत भात पेरण्याचीही एक परंपरा आहे. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अर्धापूर घ्या. त्या गांवाचें नांव आज केळीसाठीं प्रसिद्ध आहे. इसापूरच्या धरणाचें पाणी आल्यापासून केळी, ऊंस व हळद यांनीं तेथील काळी जमीन व्यापिली आहे. पण कालव्याच्या पूर्वींच्या मराठवाड्यांत ज्वारी, तूर व कापूस यांच्या जोडीला, जेथें एखादा सखल व ओल धरणारा तुकडा असे, तेथें शेतकरी तिफणीनें साळ पेरीत आला आहे. तेलंगणास लागून असलेल्या पूर्वेकडील तालुक्यांत हें पीक अधिक, पश्चिमेकडे कमी. ज्वारी जशी पेरावी तशीच कोरड्या शेतांत ओळीनें पेरलेली ही साळ. हिलाच पेरसाळ म्हणतात.

ह्या पेरसाळीचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. मजुरांची टंचाई व पाण्याची ओढ ह्या दोन कारणांनीं पंजाब-हरियाणापासून तेलंगणापर्यंत लावणी सोडून पेरणीकडे वळण्याचा विचार गेल्या कांहीं वर्षांत जोरानें सुरू झाला आहे. आणि जें तिकडे नवें म्हणून सांगितलें जातें तें मराठवाड्यास जुनें आहे. नव्यानें पेरणीकडे वळणाऱ्यांस दोन अडचणी ताबडतोब भेटतात. शेत तणानें भरतें, आणि घातलेलें नत्र पिकास लागत नाहीं. पुष्कळ लोक ह्यांस दोन वेगळ्या अडचणी समजतात, व एकीसाठीं तणनाशक औषध आणतात तर दुसरीसाठीं युरियाची आणखी एक गोणी. आमचें म्हणणें असें कीं ही अडचण मुळांत एकच आहे. खत जमिनींत पडतें तेव्हां तें कोणाच्या नांवानें पडत नाहीं. त्या घटकेस ज्याचीं मुळें तेथें पसरलेलीं असतील तो तें घेतो. तण आधीं उगवलें असेल तर खत तणाचें. भातशेतीच्या सगळ्या जुन्या रीति ह्या एका गोष्टीभोंवतीं फिरत आलेल्या आहेत, आणि ती गोष्ट विसरल्यामुळें आज आमच्या शेतकऱ्याचा पैसा व आमच्या विहिरींचें पाणी हीं दोन्ही नासत आहेत.

भात पेरावें कीं लावावें हा वाद आपल्या देशांत फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाचें, म्हणजे शेतीवरील अधिकाऱ्याचें, एक प्रकरण आहे. त्यांत पावसाच्या आरंभीं पेरावयाच्या धान्यांची यादी शालि व व्रीहि ह्या भाताच्या दोन जातींनींच सुरू होते. आमच्या गोदातीरापुरतें बोलावयाचें तर हालाची गाथासप्तशती साक्षीस आहे. सातवाहनांच्या काळाशीं ज्या संग्रहाचें नांव जोडलें गेलें आहे, त्या ह्या महाराष्ट्री प्राकृतांतील गाथांत साळीचीं शेतें, तीं राखणाऱ्या मुली व पिकून पांढरीं पडलेलीं रानें हीं वारंवार भेटतात. पैठणची गोदावरी तीच नांदेडची. तेव्हां ह्या नदीच्या खोऱ्यांत साळ ही कोठून तरी नुकतीच आलेली पाहुणी नव्हे, एवढें त्यावरून खास म्हणतां येतें.

परंतु शेतकीच्या दृष्टीनें सर्वांत मार्मिक असा जुना ग्रंथ म्हणजे कृषिपराशर. त्याच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद आहेत, आणि त्यांतील वर्णन भाताच्या ओल्या प्रदेशाचें, बहुधा वंगदेशाकडचें, आहे. ह्या ग्रंथानें पेरणी व रोपणी ह्या दोन्ही रीति सांगितल्या असून पेरलेलें भात निरोगी राहतें व लावलेल्यास रोगाची बाधा असते, असा स्पष्ट कौल पेरणीच्या बाजूनें दिला आहे. मात्र हा कौल देऊन ग्रंथकार थांबत नाहीं. भाताचें शेत निंदून स्वच्छ ठेविलें नाहीं तर पीक उगवूनही फळ हातीं लागत नाहीं, असें तो बजावतो व पावसाळ्याच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा तण काढावयास सांगतो. खताविषयींही त्याचें बोलणें अगदीं ह्याच वळणाचें आहे: माघांत शेणाचा ढीग उकरावा, उन्हांत वाळवून त्याचा चुरा करावा, फाल्गुनांत शेतांत खड्डे करून त्यांत तो पुरावा, व पेरणीच्या वेळीं बाहेर काढून पसरावा, कारण खतावांचून धान्य नुसतें वाढतें, फळत नाहीं. तण राहिलें तरी निष्फळ आणि खत नसलें तरी निष्फळ! दोन्ही दोषांचें फळ एकच सांगणाऱ्या ह्या ग्रंथकारास दोहोंचें नातें चांगलें उमगलें असलें पाहिजे.

असें असतां देशांतील बहुतेक पाणथळ भागांत लावणीच कां रूढ झाली? रोपें एका वाफ्यांत वाढवावयाचीं, मग उपटावयाचीं, मग एकेक मूठ चिखलांत खोंचावयाची, हा सारा खटाटोप कोणी हौसेनें केलेला नाहीं. त्याचें मर्म पाण्यांत आहे. तीन-चार आठवड्यांचें रोप जेव्हां नुकत्याच चिखलणी केलेल्या खाचरांत उभें राहतें, तेव्हां तणाचें बीं अजून रुजलेलेंही नसतें. आणि वर चार बोटें पाणी उभें राहिलें कीं हवेवांचून त्यांतील बरेंचसें तण रुजतच नाहीं. भात मात्र पाण्यांत गुदमरत नाहीं, कारण त्याच्या खोडांतील पोकळ नळ्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते. म्हणजे भाताला महिन्याची आघाडी मिळाली व तणाचा श्वास कोंडला. पाणी हेंच कोंकणच्या शेतकऱ्याचें पहिलें खुरपें होय.

ह्याच पाण्यानें दुसरें एक काम नकळत साधतें. जमिनींतील नत्र दोन मुख्य रूपांत पिकाच्या तोंडीं लागतें: एक अमोनियाचें, दुसरें नायट्रेटचें. अमोनियाचें रूप मातीच्या कणांस चिकटून राहतें. नायट्रेट पाण्यांत विरघळून पाण्याबरोबर खालीं जातें. मोकळ्या हवेच्या जमिनींत सूक्ष्म जंतु पहिल्याचें दुसरें करितात. पाण्याखालीं, हवा नसल्यामुळें, तें काम थांबतें व अमोनिया अमोनियाच राहतो. भातास नायट्रेटपेक्षां अमोनियाचें खत मानवतें, हें हवाई बेटांतील केली नांवाच्या शास्त्रज्ञानें १९११ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. पुढें १९४० च्या सुमारास जपानांत शिओइरी यांनीं असें सिद्ध केलें कीं खाचराच्या चिखलाचा अगदीं वरचा पातळ थर मात्र हवा खातो. तेथें पडलेल्या अमोनियाचें नायट्रेट होतें, तें खालच्या कोंडलेल्या थरांत झिरपतें, व तेथें त्याचें वायूंत रूपांतर होऊन तें आकाशांत निघून जातें. म्हणून खत चिखलांत खोल मिसळावें, वर फेंकूं नये, हा त्यांचा उपदेश.

कोंकणांतील राबाची चालही ह्याच संदर्भांत पाहिली पाहिजे. रोपांच्या वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून उन्हाळ्यांत पेटविण्याच्या ह्या रीतीवर जंगलखात्याचा मोठा राग असे; फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला कीं १८८५ सालीं सरकारास त्यासाठीं एक जंगल-कमिशन नेमावें लागलें. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर ह्या सहकाऱ्यांसह राबाचा पद्धतशीर अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. राखेचें खत एवढेंच राबाचें कारण नसून जमीन तापणें हें त्यांत महत्त्वाचें आहे, असें त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. त्या धगीनें तणाचें बींही वाफ्यांतच जळतें, हें तर प्रत्येक कोंकणी शेतकरी जाणतोच. तेव्हां येथेंही पोषण व तणनाश हीं दोन कामें एकाच विस्तवानें होत होतीं.

आतां सह्याद्रि ओलांडून पुन्हा मराठवाड्याकडे वळूं. नांदेडकडे पाऊस सुमारें नऊशें मिलीमीटर; कोंकणांत त्याच्या तिप्पट व त्याहूनही अधिक. पाऊस येथें सलग पडत नाहीं. आठ-पंधरा दिवसांची उघडीप ठरलेलीच. ह्या जमिनींत खाचरें बांधून पाणी उभें करावें तर तें पाणी आणावें कोठून? मराठवाड्याच्या शेतकऱ्यानें म्हणून पाण्याचें खुरपें सोडून दिलें व दुसरीं तीन हत्यारें हातीं घेतलीं: वखर, तिफण आणि कोळपें. पहिल्या पावसानें रानभर तण उगवूं द्यावयाचें, व वखराच्या पाळीनें तें कोंवळेंच मोडून मग पेरावयाचें. पेरावयाचें तें तिफणीनें, म्हणजे चाड्यांत सोडलेलें बीं नळ्यांवाटे सरळ ओळींत पडतें. आणि ओळ आहे म्हणून दोन ओळींच्या मध्यें बैलाचें कोळपें चालतें. ओळींत जें उगवलें तें पीक, ओळींबाहेर जें उगवलें तें तण, असा साधा न्याय त्यामुळें लावतां येतो.

ह्या न्यायाचें महत्त्व, भाताचें व पाखडीचें रोप शेजारीं शेजारीं धरून पाहिल्यावांचून, घरबसल्या वाचकांस उमगणार नाहीं. पाखड हें भाताच्याच घराण्यांतील गवत. कोंवळेपणीं तें भातासारखें इतकें हुबेहूब दिसतें कीं नवख्यानें निंदावयास बसावें व भात उपटून पाखड राखावी. जाणत्या बायका पातें खोडापासून हलकेंच ओढून पाहतात: पात्याच्या बुडाशीं बारीक पांढरी जिभली असली तर भात, नसली तर पाखड. एकरांत लक्षावधि रोपें. त्यांत ही परीक्षा किती वेळां करावयाची? फेंकून पेरलेल्या शेतांत ती प्रत्येक रोपाशीं करावी लागते. तिफणीच्या शेतांत फक्त ओळीपुरती.

इंग्लंडांत जेथ्रो टल यानें १७०१ च्या सुमारास पेरणीचें यंत्र केलें व १७३१ सालीं ओळींमधून घोड्याचें कोळपें चालविण्यावर आपला ग्रंथ लिहिला, तेव्हां तो शेतकीच्या क्रांतीचा आरंभ मानला गेला. मजेची गोष्ट अशी कीं झाडें मातीचे बारीक कणच खातात, तेव्हां कोळपणी केली कीं खताची गरज नाहीं, अशी टलची उपपत्ति होती. उपपत्ति चुकली, पण कोळपलेल्या शेतांत पीक चांगलें येतें हा त्याचा अनुभव खराच होता, कारण तण गेल्यावर जमिनींतील नत्र पिकास मिळे. त्याच शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दक्षिण हिंदुस्थानांत तिफणीसारखें औत चालतांना पाहिलें, व ज्यास आपण युरोपची नवी युक्ति समजत होतों ती येथें पूर्वापार रूढ आहे, हें त्यास कबूल करावें लागलें.

तिफण व कोळपें यांनीं ओळींमधलें तण जातें, ओळींतलें राहतें. तें काढावयास खुरपें लागतें, आणि खुरपें म्हणजे स्त्रियांचे हात. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीं १८८९ च्या अखेरीपासून वर्षभर हिंदुस्थानभर फिरून १८९३ सालीं आपला सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध केला. येथील शेतकऱ्यास शिकविण्यास आलेला हा गृहस्थ येथील तणमुक्त शेतें पाहून चकित झाला, आणि शेत स्वच्छ राखण्याच्या बाबतींत हिंदी शेतकऱ्याची त्यानें मनमोकळी स्तुति केली. त्याच अहवालांत त्यानें दुःखही व्यक्त केलें आहे: शेण गोवऱ्यांच्या रूपानें चुलींत जातें, आणि जमीन नत्रास मुकते, सरपणाची सोय झाली तर शेण शेतांत जाईल. स्तुति निंदणीची व दुःख खताचें. आमच्या मतें हीं दोन्हीं वाक्यें मिळून जुन्या शेतीचें पुरें वर्णन होतें. नत्र थोडें होतें, पण जेवढें होतें तेवढें पिकाच्याच पोटांत जाई. कारण पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत वांकून बसलेल्या बायका त्यावर पाहारा करीत. त्या पाहाऱ्याची मजुरी काय पडे, हें इतिहासकारांनीं फारसें लिहून ठेविलें नाहीं. पण तें स्वस्त होतें म्हणूनच चाललें, हें आम्ही विसरतां कामा नये.

पुढें नत्राचा दुष्काळ संपला. जर्मनींत फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, कार्ल बॉश यानें त्याचा कारखाना उभारला, व १९१३ सालीं ओप्पाव येथें उत्पादन सुरू झालें. हिंदुस्थानांत १९५१ सालीं सिंद्री येथील सरकारी कारखान्यांतून अमोनियम सल्फेट निघूं लागलें. मुंबईजवळ तुर्भ्याचा कारखाना १९६५ सालचा. ह्याच काळांत मराठवाड्याची राजवटही पालटली. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. निजामाच्या अमदानींत १९१८ सालीं परभणी येथें जें प्रायोगिक शेत निघालें होतें, त्याच परभणींत १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें; २०१३ सालापासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें.

नव्या खताबरोबर आलेल्या पहिल्या मोठ्या मोहिमेनें मात्र जुनें नातें जपलें होतें. १९५३ सालीं देशभर 'जपानी पद्धतीच्या' भातशेतीचा प्रचार झाला; आमच्या वडील पिढींतील वाचकांस ती आठवत असेल. ओळींत लावणी, भरपूर खत, आणि ओळींमधून हातानें ढकलावयाचें फिरत्या दातांचें कोळपें, असे तिचे भाग होते. तीन्ही एकत्र होते, हेंच तिच्यांतील शहाणपण. पुढें १९६६ च्या सुमारास आय.आर. ८ सारखे ठेंगणे वाण आले. जुने उंच वाण जास्त खत घातलें कीं लोळत. हे लोळत नाहींत, म्हणून खताचें प्रमाण वाढलें. पण ठेंगण्या वाणाची सांवलीही ठेंगणीच. जुनी उंच साळ आपल्या सांवलीनें तणास दडपीत असे. ठेंगणी तेवढें दडपूं शकत नाहीं. म्हणजे खत वाढलें त्याच वेळीं तणावरील एक नैसर्गिक अंकुश गेला. लावणीच्या शेतांत पाण्यानें तें भरून काढलें. पेरसाळीस तें भरून काढणारें कोणी उरलें नाहीं.

पेरसाळींत नत्राचें नेमकें काय होतें, तें आतां पाहूं. शेतकरी गोणी फोडतो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें सुमारें २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतें. पेरणीबरोबरच तें सारें टाकलें, असें समजा. बीं रुजून रोप स्वतःच्या मुळांनीं खाऊं लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. तोंवर त्यास नत्राची गरज फारच थोडी. पण पाखड, लव्हाळा, कुंदा यांस ती तेव्हांच असते. ह्यांपैकीं पुष्कळ तणें ऊंस-ज्वारीच्या जातकुळीचीं, म्हणजे कडक उन्हांत भाताहून झपाट्यानें वाढणारीं व थोड्या नत्रांत अधिक पानें करणारीं आहेत. पहिला वांटा तीं घेतात. उरलेल्या युरियाचा अमोनिया होतो व उघडिपीच्या दिवसांत त्या अमोनियाचें नायट्रेट. मग एखाद्या रात्रीं चार इंच पाऊस कोसळतो, शेत तुंबतें, आणि तें नायट्रेट कांहीं वायुरूपानें व कांहीं झिरपून नाहींसें होतें. एकदां ओलें, एकदां कोरडें, ही जी मराठवाड्याच्या पावसाची चाल, तीच नत्राच्या नाशास सर्वांत अनुकूल. भातशेतींत घातलेल्या नत्रापैकीं साधारण तिसरा हिस्सा, फार तर दोन-पंचमांश, पिकास लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. गोणीचा हिशेब त्यावरून वाचकांनींच करावा: वीस किलोंतील सात-आठ किलो भाताचे, बाकीचे तणाचे, हवेचे व विहिरीचे.

आणखी एक फसवणूक मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत होते, आणि ती आमच्या मतें सर्वांत दुःखद. ह्या जमिनी चुनखडीच्या. पाणी उभें असलें कीं जमिनींतील लोह विरघळून पिकास मिळतें. पेरसाळींत पाणी उभें नसतें, चुनखडीमुळें लोह बांधलें जातें, आणि महिन्याभराच्या आंत पीक पिंवळें पडतें. ह्यास शेतकरी केवडा म्हणतात. पिंवळेपणा पाहून तो नत्राची भूक समजतो व युरिया फेंकतो. वास्तविक ओळखण्याची खूण सोपी आहे. नत्र कमी पडलें तर जुनीं, खालचीं पानें आधीं पिंवळीं होतात, कारण झाड त्यांतील नत्र काढून नव्या पानांस देतें. लोह कमी पडलें तर कोंवळीं, वरचीं पानें आधीं पिंवळीं होतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. केवड्यास उपाय हिराकसाची फवारणी, युरिया नव्हे. लोहाच्या भुकेनें खंगलेलें भात युरिया घेऊं शकत नाहीं. शेजारचें तण मात्र तो आनंदानें घेतें. परभणीच्या संशोधकांनीं ह्याचें मर्म ओळखून आंबेमोहोराच्या स्थानिक वाणापासून उत्परिवर्तनानें 'प्रभावती' हा ठेंगणा व केवडा सोसणारा वाण काढला. ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकांतली. ज्या आंबेमोहोराच्या वासावर पुण्यामुंबईच्या पंक्ती भुलतात, त्याच्याच वंशांतला एक वाण मराठवाड्याच्या चुनखडींत तग धरतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें.

तणनाशक औषधांचा इतिहास नत्राच्या मानानें अलीकडचा. टू-फोर-डी हें औषध दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निघालें व १९४५ च्या सुमारास बाजारांत आलें. रुंद पानांच्या तणांस तें मारतें, पण गवतांस सोडतें. आणि पाखड तर गवतच. भाताचें गवत राखून पाखडीचें गवत मारणारीं औषधें त्यानंतर आलीं. हल्लीं पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत ओल्या जमिनीवर पेंडीमिथॅलीन, व तणास तीन-चार पानें आल्यावर बिसपायरिबॅक सोडियम फवारतात. दुसऱ्याचें तर हेक्टरास वीस-पंचवीस ग्रॅम मूळ द्रव्य पुरतें. भारतीय कृषि संशोधनसंस्थेनें २०२१ सालीं इमॅझेथापिर हें तणनाशक सोसणारे बासमतीचे दोन वाणही पेरणीच्या शेतीसाठीं पुढें आणले.

कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच कीं! बायकांची पाठ मोडणारें काम गेलें, तें बरेंच झालें. ह्या म्हणण्यांतील पहिला अर्धा भाग आम्हांस संशयास्पद वाटतो, दुसरा अर्धा मान्य आहे. जी निंदणी स्वस्त मजुरीवर उभी होती ती तशीच पुन्हा यावी, असें म्हणणें शहरांत पंख्याखालीं बसून लिहिणाऱ्यांस शोभत नाहीं. पण औषधानें प्रश्न सुटत नाहीं, थोडा पुढें ढकलला जातो. एकच औषध वर्षानुवर्षें फवारलें कीं त्यास न जुमानणारें तण निवडून वाढतें. औषधास न भिणाऱ्या भाताचा रानभाताशीं संकर झाला तर तो गुण तणांतही उतरतो. आणि निंदणीबरोबर घरांतील स्त्रीच्या हातीं येणारे पैसेही जातात. ते तिला दुसऱ्या कोणत्या कामानें मिळावेत, ह्याचा विचार औषधाच्या डब्यावर लिहिलेला नसतो.

ह्या सगळ्या इतिहासावरून जें निष्पन्न होतें तें थोडक्यांत असें. पेरसाळीच्या शेतांत निंदणी आधीं व नत्र मागाहून. पेरणीच्या वेळीं स्फुरद व पालाश द्यावें, नत्र अगदीं थोडें. तीन आठवड्यांनीं तण निघाल्यावर पहिला मोठा हप्ता, फुटवे येतांना दुसरा, पोटरी धरण्याच्या आधीं शेवटचा. पेरल्यापासून पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस शेत स्वच्छ राहिलें तर पुढें भात स्वतःच्या सांवलीनें शेत राखतें. त्या दिवसांत हयगय झाली तर निम्म्याहून अधिक पीक जाऊं शकतें. पेरणीपूर्वींची वखराची पाळी, तिफणीची सरळ ओळ व एक-दोन कोळपण्या, एवढें जुनें ठेवून त्यावर एखादी जपून केलेली फवारणी बसविली, तर औषधही कमी लागतें व मजुरीही. हिरवेपणा मोजण्यासाठीं पानाशीं लावून पाहावयाची रंगांची पट्टी आतां मिळते. भात-संशोधनाच्या केंद्रांनीं ती शेतकऱ्यांसाठीं काढली आहे. २०१५ सालापासून देशांतील युरियास निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामुळें नत्र हळूहळू सुटतें. हीं साधनें चांगलीं आहेत. पण लेप दिलेला युरिया तणांत टाकला तर तण तो हळूहळू खाईल, एवढाच फरक.

अर्धापूरच्या कालव्याखालीं आज भात थोडें व केळी फार. पण पाण्याची स्थिति अशीच राहील, असें त्या भागांतील जाणता शेतकरीही छातीठोकपणें सांगणार नाहीं. धरण भरलें नाहीं अशीं वर्षें मराठवाड्यानें पुष्कळ पाहिलीं आहेत. पावसाच्याच पाण्यावर, उभ्या पाण्यावांचून, भात पिकविण्याची विद्या ज्या प्रदेशानें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिची किंमत अशा वर्षीं कळेल. ती विद्या बियाण्याच्या पिशवींत किंवा खताच्या गोणींत नाहीं. तण केव्हां काढावें आणि त्यानंतर किती दिवसांनीं खत द्यावें, ह्या क्रमांत ती आहे. कृषिपराशराच्या कर्त्यानें निंदणी व खत यांसाठीं दोन प्रकरणें लिहिलीं. आमच्या शेतकी खात्यांनीं व दुकानांनीं त्यांचे दोन विभाग केले, एकाकडे औषधाची बाटली व दुसऱ्याकडे गोणी. शेतकऱ्याच्या खतावणींत मात्र तो खर्च एकाच पानावर पडतो, आणि तेथेंच तो एकत्र वाचला पाहिजे.